क्रोशाची टोपी: बाळंतविड्यापासून बकेट हॅटपर्यंत

पुण्यात हल्ली कुठल्याही हस्तकलेच्या प्रदर्शनात जा, क्रोशाच्या टोप्यांचा एखादा तरी स्टॉल असतोच. बकेट हॅट, बीनी, बेडकाचे डोळे लावलेली टोपी, आणि विणणाऱ्या मुली कॉलेजातल्या नाहीतर आयटीतल्या. ते बघून बऱ्याच जणांना वाटतं की हे लॉकडाऊनमध्ये यूट्यूब बघून आलेलं फॅड आहे. थोडंफार खरंही आहे ते. पण विणलेली टोपी दुसऱ्याला देणं आणि तिचा नमुना कोणी मागितला की तोही देऊन टाकणं, हे आपल्याकडे बरंच जुनं आहे, फक्त टोपी बाळाची असायची. आणि या नमुना देण्या-न देण्याच्या भानगडीतच क्रोशाचा निम्मा इतिहास आहे असं माझं मत आहे.

आधी एक गोष्ट, क्रोशा, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईचं विणकाम, आपल्याला वाटतो तितका पुराणकाळातला वगैरे नाही. दोन सुयांचं विणकाम जुनं, इजिप्तमध्ये हजारएक वर्षांपूर्वीचे विणलेले मोजे सापडलेत. क्रोशाचा मात्र युरोपात १८०० च्या आधीचा पक्का पुरावा मिळत नाही. छापलेले नमुने पहिल्यांदा दिसतात ते १८२३ मध्ये, ‘पेनेलोपे’ नावाच्या एका डच मासिकात. त्याआधी काय होतं यावर तज्ज्ञांची भांडणं आहेत, त्यातलं एक मत आपल्याला जवळचं आहे: कच्छ-गुजरातकडचे मोची कारागीर चामड्यावर वापरायची आरी (टोकाला आकडा असलेली सुई) कापडावर चालवून साखळीटाका घालायचे, तसंच आकड्याच्या सुईचं भरतकाम अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेलं, तिथे ते ताणलेल्या कापडावर चालायचं, आणि पुढे कोणीतरी खालचं कापडच काढून टाकलं, नुसती साखळी हवेत विणायला लागले, तो क्रोशा. असं घडलंच याची खात्री कोणी देत नाही, पण आरीचं काम आणि क्रोशाची साखळी शेजारी ठेवून बघा, पटतं.

मग आलं आयर्लंड. १८४५ पासून तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला, सलग काही वर्षं दुष्काळ, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्या काळात जोगिणींच्या मठांनी आणि काही पाद्र्यांच्या बायकांनी गावातल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली, क्लोनिस गावात कॅसान्ड्रा हँड या बाईंनी १८४७ मध्ये सुरू केलेलं काम तर प्रसिद्धच आहे. खरी सुईची लेस करायला जन्म जायचा, क्रोशाने तशीच दिसणारी लेस पटकन व्हायची, आणि सामान काय तर एक आकडा आणि दोरा. श्रीमंतांनी ती विकत घेतली आणि कितीतरी घरांच्या चुली त्यावर चालल्या. तिथे एकेका घराची आपापली फुलं-पानं ठरलेली असायची आणि ती शेजारणीला दाखवायची नाहीत असा रिवाज होता असं सांगतात. साहजिक आहे हो, फूल हीच भाकरी असेल तर कोण दाखवेल?

आपल्या देशातलं असंच उदाहरण म्हणजे आंध्रातलं नरसापूर. तिथे १८४४ च्या सुमाराला मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी जोडप्याने लेस शिकवायला सुरुवात केली आणि पुढे गोदावरीच्या त्या भागात घरोघरी क्रोशा पोचला, माल परदेशात जायला लागला. १९८२ मध्ये मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर मोठा अभ्यास छापला, आणि त्यांचं म्हणणं वाचून आजही टोचतं: या बायका दिवसाचे सहा-आठ तास विणतात, त्यावर निर्यातीचा धंदा चालतो, पण सगळे म्हणतात घरच्या बायका आहेत, फावल्या वेळात विणतात, म्हणून मजुरी नावापुरती. ‘फावला वेळ’ म्हटलं की पैसे कमी दिले तरी चालतात, हे गणित तेव्हापासूनचं आहे. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेवढं एक बरं झालं.

पुण्यात यातलं काहीच झालं नाही. म्हणजे शिकवणाऱ्या संस्था इथेही होत्या. मिशनच्या शाळा होत्या, पंडिता रमाबाईंचं शारदासदन १८९० मध्ये मुंबईहून इथे आलं, अण्णा कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनात तर बायकांच्या हाताला काही कमाईचं काम यावं म्हणून शिवणाचे वर्ग असायचे. मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम हा विषयच होता. पण पेठांमधल्या घरांत क्रोशा विकायला बसला नाही, तो बसला रुखवतात आणि बाळंतविड्यात. रुखवतात ताटावरचा रुमाल, तोरण, टेबलक्लॉथ, पुढे टीव्ही आल्यावर टीव्हीचं कव्हर (ते काढूनच बातम्या बघायच्या), आणि बाळंतविड्यात झबलं, दुपटं, कुंची, मोजे, टोपडं. कुंची बहुतेक खणाची नाहीतर रेशमी कापडाची शिवलेली, पण टोपडं आणि मोजे विणलेले. टोपड्याला कडेने जाळीची झालर, त्या जाळीतून ओवलेली साटीनची रिबीन, हनुवटीखाली बो, आणि डोक्यावर गोंडा. बारशाला आलेल्या बायका बाळ नंतर बघायच्या, आधी टोपडं उलटं करून मागची बाजू बघायच्या, गाठी कुठे लपवल्यात ते.

आणि मग, ‘नमुना देता का?’

हा प्रश्न महत्त्वाचा. पुस्तकं होती, मासिकांतही नमुने छापून यायचे, पण खरी देवाणघेवाण तुकड्यांची. बोटभर रुंदीचा विणलेला तुकडा, कधी पांढऱ्या दोऱ्याचा कधी उरलेल्या लोकरीचा, तो घरी न्यायचा, टाके मोजायचे, तसाच विणायचा आणि तुकडा परत करायचा. साखळी, मुका खांब, खांब एवढी टाक्यांची भाषा आली की वाड्यातल्या कोणालाही तोंडी सांगता यायचं, ‘दोन खांब, एक साखळी, एक घर सोडून परत दोन खांब’. विकायचंच नव्हतं म्हटल्यावर लपवायचं कशाला? उलट आपला नमुना तीन वाडे पलीकडच्या बाळाच्या डोक्यावर दिसला की मान ताठ. पुणेरी माणूस कौतुक करायला कचरतो म्हणतात, नमुना मागणं हेच ते कौतुक होतं.

क्रोशाच घराघरांत का टिकला याचं एक साधं कारण आहे. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात, सुई निसटली की पाचावर धारण. क्रोशात एकच टाका जिवंत. कुकरची शिट्टी झाली, दारावर कोणी आलं, काम तसंच ठेवून उठा, फार तर दोन टाके उसवतील. खऱ्या अर्थाने क्रोशा विणणारं मशीन अजूनही नाही, स्वेटर मशीनवर निघतात पण क्रोशाची टोपी कुठेही दिसली तरी ती कोणाच्या तरी हातचीच.

टोपीचं तंत्र तेव्हाही हेच होतं. मधोमध एक गोल, त्यात सहा मुके खांब, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस, दर फेरीला सहा वाढवत गेलं की सपाट चकती होते. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. चकती किती मोठी करायची? डोक्याचा घेर भागिले ३.१४, म्हणजे ५६ सेंटीमीटरच्या डोक्याला साधारण १८ सेंटीमीटर, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या ३५ ला ११. तिथे वाढवणं थांबवायचं आणि सरळ खाली उतरायचं. आज्या हे भागाकाराने करत नसत, पंजा पसरून बघायच्या. फिटिंग मात्र यायचं.

लोकरीबद्दल सांगायचं तर आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते. अमेरिकेत ड्यूपाँटने १९५० मध्ये ऑरलॉन नावाने हा धागा बाजारात आणला, पुढे आपल्याकडे लुधियानाच्या गिरण्यांचे गोळे गावोगाव पोचले, स्वस्त, धुवायला सोपे, रंग ढीगभर. बाळाला टोचत नाही म्हणून टोपडी त्याचीच व्हायला लागली. दोऱ्याचा क्रोशा रुमालांपुरता उरला. मधे १९६२ च्या युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणून पाठवल्या, ते काम मुख्यतः दोन सुयांचं, पण टोपी घराबाहेरच्या, नावही माहीत नसलेल्या माणसासाठी विणायची ही सवय त्यातून बऱ्याच जणींना लागली. आज केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटसाठी मऊ सुती टोप्या विणून देणारे गट आहेत, ते त्याच जातीचं काम आहे.

नव्वदीनंतर हे सगळं एकदम डाउनमार्केट झालं. रेडिमेड बेबीसेट आले, रुखवत भाड्याने मिळायला लागलं, क्रोशाचे रुमाल माळ्यावर गेले. परत वर आलं ते अमिगुरुमी नावाच्या विणलेल्या छोट्या जपानी बाहुल्यांमुळे आणि व्हिडिओंमुळे, आणि २०१६ मध्ये चेन्नईत बायकांनी मिळून ११,००० चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनीज रेकॉर्ड केलं तेव्हा पेपरांतही आलं. मग लॉकडाऊन. आता तुळशीबागेत लोकर घ्यायला गेलात तर काउंटरवर आजी टोपड्यासाठी बेबी पिंक मागत असतात आणि शेजारची मुलगी मोबाइलवरचा फोटो दाखवून ‘काका, असा सेज ग्रीन आहे का’ विचारत असते.

पण फरक पडलाय तो नमुन्यात. टोपी विकायला लागल्यावर पॅटर्न पीडीएफ होऊन पैशाने मिळायला लागला, ‘माझं डिझाइन कॉपी केलं’ म्हणून भांडणं होतात, स्टॉलवर ‘फोटो काढू नका’ची पाटी दिसते. जुन्या बायकांना हे कंजूषपणाचं वाटतं, मला नाही वाटत. एक बकेट हॅट म्हणजे पाच-सहा तासांचं काम, सातशे रुपये सांगितले तर गिऱ्हाईक म्हणतं टोपीला एवढे? लोकरीचे दोनशे काढा आणि उरलेल्याला तासांनी भागा.