सर्वांत बलवान हिरो कोणता? मोबाइल लेजेंड्समधील टियर लिस्टची पार्श्वभूमी

'मोबाइल लेजेंड्स: बँग बँग' या खेळाचा नवा पॅच, म्हणजे सुधारित आवृत्ती, आला की लगोलग हिरोंच्या नव्या क्रमवाऱ्या तयार होऊ लागतात. एस, ए, बी, सी अशा आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत हिरोंचे चौकोनी चेहरे आणि त्याखाली कोणाला उगाच वर चढवले, कोणावर अन्याय झाला याचा न संपणारा वाद, हे टियर लिस्टचे रूप आता खेळाडूंच्या अंगवळणी पडले आहे. एकशेवीसहून अधिक हिरो असलेल्या खेळात आपला वेळ कोणावर खर्च करावा हे ठरवायला नवख्या माणसाला काहीतरी आधार लागतोच, त्यामुळे अशा यादीची गरज समजण्यासारखी आहे. मात्र या यादीची पद्धत जिथे घडली ते खेळ दोन खेळाडूंनी समोरासमोर लढायचे होते आणि आज ती जिथे जोमाने वापरली जाते तो खेळ पाच-पाच जणांच्या दोन संघांचा आहे. त्या जुन्या पद्धतीच्या खुणा आजच्या यादीवर अजून दिसतात, आणि तिच्याविषयीचे बरेचसे वादही तिथूनच उगवतात.

कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर 2' हा खेळ 1991 मध्ये जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत, आला तेव्हा निवडण्यासाठी फक्त आठ पात्रे होती. एवढ्या कमी पात्रांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालून पाहणे शक्य होते. जपानी खेळाडूंनी आणि 'गेमेस्ट'सारख्या मासिकांनी त्यातून कोष्टके तयार करण्याची रीत पाडली. सारख्याच तयारीचे दोन खेळाडू दहा वेळा लढले, तर अमुक पात्र तमुकाविरुद्ध किती वेळा जिंकेल, याचे सहास चार, सातास तीन असे अंदाज मांडायचे आणि त्यांची बेरीज करून पात्रांचा क्रम लावायचा, अशी ती रीत होती. 'अ'च्याही वर 'एस' ही श्रेणी ठेवण्याची जपानी गुणांकनातील प्रथा या क्रमवारीबरोबरच जगभर पसरली. याच काळात आणखी एक गोष्ट घडली. 1994 च्या 'सुपर स्ट्रीट फायटर 2 टर्बो'मधील अकुमा हे पात्र इतके वरचढ ठरले की, स्पर्धांमधून त्याला दूरच ठेवले जाऊ लागले. एखाद्याला पहिला क्रमांक देण्याऐवजी त्याला खेळातूनच वगळायचे, या तोडग्याचे बीज तिथे आहे.

पुढच्या दशकात या पद्धतीला दोन फाटे फुटले. 2001 च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले'च्या खेळाडूंनी अनुभवी मंडळींच्या एकत्रित मताने याद्या काढल्या आणि त्यांत फॉक्स, शीक, मार्थ यांसारखी पात्रे वर्षानुवर्षे अग्रभागी राहिली. 'पोकेमॉन'च्या स्पर्धात्मक वर्तुळात 'स्मोगॉन' या गटाने मात्र मते बाजूला ठेवून वापर मोजायला सुरुवात केली: ठरावीक टक्क्यांहून अधिक संघांत जो पोकेमॉन दिसतो तो वरच्या श्रेणीत, जो त्याखाली राहतो तो खालच्या. पोकेमॉनमध्ये सहा जणांचा चमू निवडायचा असल्यामुळे समोरासमोरच्या कोष्टकापेक्षा हा हिशेब अधिक उपयोगी पडला. आर्केडमधील कोष्टक, जाणकारांचे मत आणि वापराची आकडेवारी हे तीन प्रवाह आजच्या मोबाइल खेळाच्या यादीत एकमेकांत मिसळले आहेत, आणि यादी करणाऱ्यालाही आपण त्यांतल्या कोणत्या प्रवाहातून बोलत आहोत याचे भान नेहमी असतेच असे नाही.

संघाने खेळायच्या हिरो-युद्धाची परंपरा संगणकावर सुरू झाली. 'वॉरक्राफ्ट 3' या खेळावर हौशी रचनाकारांनी 2003 च्या सुमारास 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स' हा नकाशा बांधला, त्याच्यापासून 2009 मध्ये 'लीग ऑफ लेजेंड्स' आणि 2013 मध्ये 'डोटा 2' हे स्वतंत्र खेळ उभे राहिले. या घराण्याने क्रमवारीच्या दृष्टीने केलेला सर्वांत मोठा बदल म्हणजे ड्राफ्ट. कर्णधारांनी आळीपाळीने काही हिरो बाद करायचे, काही निवडायचे आणि एकदा निवडलेला हिरो दुसऱ्या संघाला मिळू द्यायचा नाही, या नियमामुळे सामना सुरू होण्याआधीच अर्धी लढाई लढली जाऊ लागली. एकट्याने दोघांना भारी पडणारा हिरो आणि बाकीच्या चार सोबत्यांना भारी करणारा हिरो या दोन वेगळ्या चिजा आहेत, आणि त्यांतला दुसरा आर्केडच्या कोष्टकात कुठेच मावत नाही.

मोबाइलवर हा प्रकार येईपर्यंत 2014 उजाडले. 'व्हेनग्लोरी' हा खेळ त्या वर्षी ॲपलच्या नव्या आयफोनच्या कार्यक्रमात दाखवला गेला, 2015 मध्ये टेन्सेंटचा 'ऑनर ऑफ किंग्ज' चीनमध्ये आला आणि 2016 मध्ये शांघायच्या मूनटन कंपनीचा 'मोबाइल लेजेंड्स' बाजारात उतरला. पुढच्याच वर्षी 'लीग ऑफ लेजेंड्स'च्या निर्मात्या रायट गेम्सने मूनटनवर अमेरिकेत नक्कल केल्याचा दावा दाखल केला, पण तेवढ्याने या खेळाचा आग्नेय आशियातील प्रसार थांबला नाही. साध्या फोनवर चालणारा, दहा-पंधरा मिनिटांत संपणारा हा खेळ इंडोनेशिया, फिलिपिन्स, मलेशिया आणि म्यानमारमध्ये झपाट्याने रुजला, आणि कंपनीनेही तिथल्या लोकांची नस ओळखली. फिलिपिन्सचा लापू-लापू, मलय कथांतला बडांग आणि म्यानमारचा मिनसिथार हे त्यामुळेच हिरो म्हणून खेळात आले. इंडोनेशियासाठी घडवलेला 'गटोटकाचा' हा हिरो तर मराठी वाचकाला ओळखीचाच वाटेल: महाभारतातील घटोत्कच जावा बेटावरच्या वायांग छायानाट्यांतून फिरत फिरत इथे टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा हिरो, बनून आला आहे. त्याच्या चाहत्यांना तो यादीत खाली दिसला की वाईट वाटते, आणि त्या वाईट वाटण्यात हिरोच्या ताकदीच्या हिशेबापलीकडचे बरेच काही असते.

सामन्याची लांबी हा दिसायला किरकोळ, पण क्रमवारीवर खोल परिणाम करणारा घटक आहे. 'डोटा 2'चा सामना अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. तिथे सुरुवातीला दुबळा राहून शेवटी प्रचंड होणारा हिरो जपून वाढवायला वेळ मिळतो. मोबाइल लेजेंड्समध्ये पहिल्या काही मिनिटांतच टर्टल आणि नंतर लॉर्ड या नकाशावरच्या बलाढ्य प्राण्यांसाठी दोन्ही संघ भिडतात, म्हणून लवकर भिडू शकणारा, लवकर भक्कम होणारा हिरो वर चढतो. संगणकावरच्या खेळातून आलेल्या अनेकांचे सुरुवातीचे अंदाज इथेच फसले असावेत.

आता आकड्यांकडे वळू. मूनटन हिरोंचे विजयाचे, निवडीचे आणि बॅनचे (बाद केले जाण्याचे) प्रमाण रँकनुसार प्रसिद्ध करते, त्यामुळे आजची यादी केवळ मतांवर उभी नाही, असा दावा सर्रास केला जातो. हे आकडे उपयोगी आहेत यात शंका नाही, पण ते वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात. प्रत्येक सामन्यात पाच जण जिंकतात आणि पाच हरतात, म्हणजे सगळ्या हिरोंचे मिळून विजयाचे प्रमाण 50 टक्केच राहणार, आणि म्हणूनच लाखो सामन्यांत एखाद्याचे प्रमाण 53 किंवा 54 टक्के असेल, तर तो फरक मोठा समजायला हवा. दुसरीकडे, क्वचित निवडला जाणारा हिरो बहुधा त्याच्यावर वर्षे घालवलेल्या मोजक्या लोकांच्याच हाती असतो, त्यामुळे त्याचा फुगलेला आकडा हिरोपेक्षा त्या लोकांचे कौशल्य अधिक सांगतो. आणि ज्याला जवळजवळ प्रत्येक सामन्यात बाद केले जाते, त्याच्या विजयाचे प्रमाण मोजायला पुरेसे सामनेच उरत नाहीत. अशा वेळी बॅनचे प्रमाण हीच त्याच्याविषयीची खरी नोंद ठरते, फक्त ती नोंद ताकदीची जेवढी असते तेवढीच धास्तीचीही असते.

फॅनी या हिरोवर याचा सगळ्यांत चांगला प्रत्यय येतो. पोलादी दोरांनी भिंतीवरून भिंतीवर झेपावत ती क्षणात शत्रूच्या मागच्या फळीत पोहोचते, पण त्यासाठी बोटांचा अचूकपणा आणि ऊर्जेचा हिशेब दोन्ही लागतात. सामान्य रँकमध्ये तिचे विजयाचे प्रमाण अनेकदा निराशाजनक असते, कारण ती शिकू पाहणारे असंख्य जण भिंतीला आपटून हरतात, आणि तरीही वरच्या रँकमध्ये तिला बाद करण्यासाठी संघ आपला मोलाचा बॅन खर्च करतात. केवळ विजयाचे प्रमाण पाहणाऱ्याने तिला 'सी'मध्ये बसवले आणि स्पर्धा पाहणाऱ्याने 'एस'मध्ये, तर दोघांपैकी कोणालाही खोटे म्हणता येणार नाही. यादीच्या डोक्यावर 'कोणासाठी' हे लिहिलेले नसणे हाच खरा दोष आहे, आणि माझ्या मते टियर लिस्टवरची निम्मी भांडणे तेवढ्या एका ओळीने मिटली असती.

संघखेळात हिरोची किंमत कशी बदलते याचे ठळक उदाहरण 2021 मध्ये फिलिपिन्सने दाखवले. एस्टेस हा खेळाच्या सुरुवातीच्या काळातला सपोर्ट हिरो. सोबत्यांना सतत बरे करत राहणे हे त्याचे काम, पण स्वतः तो हळू आणि मऊ, त्यामुळे स्पर्धांच्या वरच्या वर्तुळात त्याचे फारसे नाव नव्हते. ब्लॅकलिस्ट इंटरनॅशनल या संघाने त्याच्याभोवतीच एक डावपेच उभारला आणि त्याला 'अल्टिमेट बाँडिंग एक्सपिरियन्स', थोडक्यात 'यूबीई', असे नाव दिले. तोवर जंगलातला, म्हणजे मार्गांमधल्या भागात फिरणारा, खेळाडू म्हणजे सुवर्ण गोळा करून एकहाती मारामारी करणारा असॅसिन, असा प्रघात होता. ब्लॅकलिस्टच्या वाईजने जंगलात टँक किंवा सपोर्ट प्रकारचे हिरो नेले, ओमायव्हीनसने एस्टेससारख्या हिरोंवर संघ जिवंत ठेवण्याचे काम पेलले आणि पाचही जण एकमेकांना न सोडता टर्टलकडून लॉर्डकडे सरकत राहिले. समोरच्या संघाने कितीही घाव घातले तरी हा घोळका मरत नव्हता, आणि सामना लांबला की मारणाऱ्यांचीच दमछाक होत होती. त्या वर्षी ब्लॅकलिस्टने फिलिपिन्सच्या एमपीएल या व्यावसायिक लीगचे दोन्ही हंगाम जिंकले आणि डिसेंबरमध्ये सिंगापूरला झालेल्या एम 3 विश्वविजेतेपदाच्या अंतिम फेरीत ओनिक फिलिपिन्सला 4-0 असे हरवले. विजेत्या संघाच्या नावाने निघणाऱ्या पोशाखासाठी त्यांनी एस्टेसचीच निवड केली.

इथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, एस्टेस 'एस' श्रेणीत चढला तो मुख्यतः त्याच्या सोबतीला कोण उभे राहू लागले यामुळे. पण क्रमवाऱ्यांनी हा संदर्भ गाळून फक्त त्याचे स्थान उचलले, आणि मग अनोळखी सोबत्यांबरोबर एकट्याने रँक खेळणाऱ्या अनेकांनी एस्टेस घेतला, चार सोबती चार दिशांना पांगलेले पाहिले आणि हरून यादी करणाऱ्यालाच बोल लावले. शिवाय ब्लॅकलिस्टही कायम अजिंक्य राहिला नाही: जानेवारी 2023 मध्ये जकार्ता येथे एम 4 विश्वविजेतेपदाच्या अंतिम फेरीत एको या दुसऱ्या फिलिपिनो संघाने ब्लॅकलिस्टलाही 4-0 असेच हरवले.

क्रमवारीचा आणखी एक वाचक आहे आणि त्याच्या हातात सर्वाधिक सत्ता आहे: स्वतः मूनटन. ठरावीक काळाने येणाऱ्या पॅचमध्ये वरच्या हिरोंना कमजोर आणि खालच्यांना बळकट केले जाते, बदल आधी ॲडव्हान्स्ड सर्व्हरवर तपासले जातात आणि तिथे डोकावणारे लोक भविष्यातल्या याद्या आधीच मांडू लागतात. म्हणजे यादीत शिखर गाठणे हे हिरोच्या उताराचेही कारण ठरू शकते. नवा हिरो मुद्दाम ताकदवान ठेवला जातो, म्हणजे तो विकला जातो आणि मग त्याला खाली आणतात, असा संशय खेळाडूंमध्ये जुना आहे. त्याला कंपनीच्या कबुलीचा आधार नसला तरी, नवे हिरो आल्या आल्या बॅनच्या यादीत वर दिसतात हे नियमित पाहणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले नाही. 2020 मध्ये 'प्रोजेक्ट नेक्स्ट' या मोठ्या फेरबदलानंतर तर मार्गांचीच रचना गोल्ड लेन आणि एक्सपी लेन अशी स्पष्ट झाली, आणि तेव्हापासून सगळ्या हिरोंची एकच उतरंड लावण्याऐवजी लेननिहाय याद्या करण्याकडे कल वाढला. हा बदल मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

भारतीय खेळाडूंचा या इतिहासातला सहभाग मध्येच तुटला. केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69-अ खाली 29 जून 2020 रोजी ज्या 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत मोबाइल लेजेंड्सही होता. त्यामुळे यूबीईचा उदय झाला तेव्हा इथला प्रेक्षक तो बाहेरूनच पाहत होता. त्यानंतर इथे ज्या याद्या वाचल्या गेल्या त्या बहुतेक मनिला आणि जकार्ताच्या खेळपद्धतीवर बेतलेल्या होत्या, आणि त्या दोन शहरांतही एकमत नसते. एकाच पॅचवर फिलिपिन्सच्या लीगमध्ये ज्याला पहिल्या फेरीत बाद करतात, तो इंडोनेशियाच्या लीगमध्ये बिनदिक्कत निवडला जातो, असे घडत आले आहे.

स्पर्धांमध्ये आता दोन्ही संघ मिळून दहा हिरो बाद करतात. याचा अर्थ यादीच्या सर्वांत वरच्या ओळीतले चेहरे सामन्यात बहुधा दिसतच नाहीत, आणि प्रत्यक्ष लढत दुसऱ्या ओळीतल्या हिरोंमध्ये होते. म्हणून लीगमधले प्रशिक्षक वरच्या दहा नावांपेक्षा, त्यांना बाद केल्यावर पहिल्या निवडीला काय उरते याचा विचार अधिक करतात आणि चोऊसारख्या, एक्सपी लेनवर, जंगलात किंवा रोममध्ये (नकाशाभर फिरून सोबत्यांना मदत करण्याच्या भूमिकेत) कुठेही चालणाऱ्या हिरोला जास्त मोल देतात, कारण तो निवडला तरी आपला डाव काय आहे हे समोरच्याला लगेच कळत नाही.