एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात घास: उन्हाळ्यातल्या वाचनकट्ट्यासाठी थंड आणि सोपा खाऊ

वाचनकट्टा पहिल्यांदाच आपल्या घरी ठेवलेल्या ग्राहकांचा फोन आला की प्रश्न ठरलेला असतो, "खायला काय काय करू?" त्यावर आम्ही विचारतो, "चर्चेला तुम्ही स्वतः बसणार आहात ना?" पुढचं सगळं या उत्तरावरून ठरतं. महिनाभर पुस्तक मन लावून वाचायचं आणि ऐन चर्चा रंगात आली की आपण मात्र ओट्यापाशी काहीतरी परतत उभं राहायचं, ही वेळ कुणावरच येऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

छोट्या बैठकांसाठी खाण्याची तबकं भरून देणं हे आमचं काम. पण या पत्रकातलं सगळं घरच्या घरी होण्यासारखं आहे. आमच्याकडून काही घ्या किंवा घेऊ नका, हे पत्रक फ्रिजच्या दारावर लावून ठेवा.

पुस्तकाशेजारी काय चालतं

कागद म्हणजे तंतूंचं जाळं. तेल लागलं की ते तंतूंमधल्या बारीक पोकळ्यांत शिरतं, तिथून उजेड आरपार जायला लागतो आणि पानावर तो ओळखीचा, अर्धपारदर्शक डाग उमटतो. पाण्याचा थेंब निदान वाळून जातो, तेल तिथेच राहतं. त्यात पुस्तक ग्रंथालयातलं किंवा मैत्रिणीकडून मागून आणलेलं असेल तर जीव आणखीच खालीवर होतो. म्हणून तळलेलं आणि वरून तेल किंवा लोणी सोडलेलं या बैठकीला नको.

घास एकाच वेळी तोंडात मावेल एवढा करा, साधारण तीन सेंटिमीटरचा. दोन घासांचा पदार्थ अर्धा चावून झाला की उरलेला अर्धा कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी म्हणतं, "पान एकशे बारा काढा जरा." काडीला टोचलेलं किंवा दोन बोटांत धरता येणारं असलं की दुसरा हात पुस्तकासाठी कोरडा राहतो.

सुरुवातीच्या दिवसांत आम्ही बीट घालून गुलाबी केलेलं सारण पाठवायचो. दिसायला फार देखणं होतं. एकदा यजमान बाईंचा फोन आला, एका सदस्याच्या नव्या कोऱ्या पुस्तकावर बिटाचा ठिपका पडला होता, आणि तोही मुखपृष्ठावर. त्या रागावल्या नव्हत्या, पण आम्हाला फार लागलं. तेव्हापासून वाचनकट्ट्याच्या तबकात बीट नाही, हळद नाही आणि पातळ सॉसही नाही.

आवाजाचाही विचार करा. कुणी उतारा वाचून दाखवत असताना कडक टोस्टचा कुरकुर आवाज सगळ्या खोलीला ऐकू जातो आणि खाणारा बिचारा घास तोंडात धरून बसतो. कुरकुरीत पदार्थ मंडळी जमत असताना किंवा मध्यंतरात ठेवा. वाचन चालू असताना हाताशी फळं आणि काकडीच असू द्या.

कलिंगड आणि चीज, काडीवर

उन्हाळ्यात याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे उन्हातून आलेल्या माणसाला पहिल्या घासातच बरं वाटतं. १० जणांना प्रत्येकी दोन काड्या धरल्या तर दीड किलोचं कलिंगड पुरतं. चिरण्याआधी ते बाहेरून वाहत्या पाण्याखाली घासून धुवा. सालीवरची माती आणि जंतू सुरीबरोबर आतल्या गरात जातात, आणि ही पायरी हमखास राहून जाते.

तीन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून ते चाळणीत १५ मिनिटं निथळत ठेवा. काडीवर आधी चीजचा तुकडा टोचा, मग पुदिन्याचं पान, शेवटी कलिंगड. काडी आडवी ठेवण्याऐवजी कलिंगडाच्या सपाट बाजूवर उभी करा, म्हणजे बोटं रसाला लागत नाहीत. खारट, भुसभुशीत चीज मिळालं तर उत्तमच. साधं पनीर वापरत असाल तर त्याला आधी मीठ, मिरपूड आणि लिंबाचा रस चोळून अर्धा तास ठेवा. थंड पदार्थांची चव जिभेला कमी जाणवते, म्हणून खोलीच्या तापमानाला नीट वाटलेलं मीठ फ्रिजमधून काढल्यावर अळणी लागतं. थंड वाढायचं ते थंड करूनच चाखा.

काकडीच्या वाट्या

वीतभर लांब काकडीचे डझनभर तुकडे होतात. प्रत्येक तुकडा दीड सेंटिमीटर जाडीचा ठेवा आणि लहान चमच्याने मधला बियांचा भाग कोरून काढा, तळ तेवढा शाबूत राहू द्या. झाली वाटी. आत भरायला चक्का.

अर्धा किलो दही सुती फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, खाली पातेलं लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. उन्हाळ्यात बाहेर टांगून ठेवलेलं दही सकाळपर्यंत आंबट होतं, म्हणून फ्रिजच बरा. सकाळी साधारण निम्मा, म्हणजे पाव किलोच्या आसपास चक्का मिळतो. निथळलेलं पाणी टाकू नका, कणीक मळायला घ्या. चक्क्यात बारीक चिरलेला पुदिना, किसलेली लिंबाची साल, मिरपूड आणि मीठ घालून तो घोटून घ्या. लिंबाची फक्त पिवळी साल किसा, खालचा पांढरा भाग कडू असतो.

खरी काळजी पुढे आहे. मीठ काकडीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. सकाळी भरून ठेवलेल्या वाट्या संध्याकाळी पाण्यात पोहताना दिसतात. तेव्हा कोरलेल्या वाट्या स्वच्छ फडक्यावर पालथ्या घालून फ्रिजमध्ये ठेवा, चक्का डब्यात वेगळा ठेवा, आणि पाहुणे यायच्या अर्धा तास आधी दोन्ही एकत्र आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून त्यातून चक्का भरला तर डझनभर वाट्या दोन मिनिटांत होतात. हे काम घरातल्या मुलांना द्या, फार आवडीने करतात.

काबुली चण्यांचं हमस, प्रत्येकाच्या पेल्यात

मधोमध मोठं भांडं आणि सगळ्यांनी वाकून त्यात बुडवायचं, ही पद्धत वाचनकट्ट्याला जमत नाही. कुणाच्या तरी मांडीवरच्या पुस्तकावरून हात जातो आणि थेंब पडतो. लहान काचेच्या पेल्यात तळाशी दोन चमचे हमस घाला आणि त्यात गाजर, काकडी, ढोबळी मिरचीच्या बोटभर लांब फोडी उभ्या खोचा. ज्याचा त्याचा पेला ज्याच्या त्याच्या हातात. एकदा अर्धी खाल्लेली फोड पुन्हा सगळ्यांच्या भांड्यात जाण्याचा प्रश्नही मिटतो.

पाव किलो काबुली चणे रात्रभर भिजवा. शिजवताना पाण्यात पाव चमचा खायचा सोडा घाला, त्याने साल मऊ पडते आणि चणे बोटाने दाबताच विरघळावेत असे होतात. गरम असतानाच मिक्सरला लावले की गुळगुळीत वाटले जातात. लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून आधी लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवल्या तर कच्च्या लसणाचा उग्रपणा बराच उतरतो. शेजारी-शेजारी बसून बोलायचं असताना ही दहा मिनिटं सार्थकी लागतात. मग भाजलेल्या तिळांचं वाटण तीन-चार चमचे, मीठ आणि वाटताना थोडं थोडं बर्फाचं पाणी. त्या थंड पाण्याने हमस हलकं आणि पांढुरकं होतं. आमच्या स्वयंपाकघरात नवीन आलेल्या प्रत्येकाला हा बदल आम्ही मुद्दाम मिक्सरचं झाकण उघडून दाखवतो. आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चव बिघडत नाही.

टोस्ट आणि द्राक्षं

टोस्ट करायचेच असतील तर पावाचे लहान तुकडे १८० अंशांवर १० ते १२ मिनिटं पूर्ण कोरडे होईपर्यंत भाजा आणि गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरले तर वाफेने मऊ पडतात. वर टोमॅटो घालणार असाल तर बिया काढून बारीक चिरा, मीठ लावून दहा मिनिटं निथळवा, आणि टोस्टवर आधी मऊ चीजचा थर द्या. स्निग्ध थरामुळे टोमॅटोचं पाणी पावापर्यंत पोचत नाही आणि टोमॅटो चीजला चिकटून राहतो, मांडीवर पडत नाही.

गोड काहीतरी हवं तर बिनबियांची द्राक्षं धुऊन, अगदी कोरडी पुसून, एका थरात पसरून तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि वाढायच्या पाच मिनिटं आधी काढा. लहान मुलं सोबत येणार असतील तर त्यांना अख्खी द्राक्षं अजिबात देऊ नका, गोठलेली तर नाहीच. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. मुलांसाठी ताजी द्राक्षं उभी चिरून, चार भाग करून वेगळ्या वाटीत ठेवा.

उन्हाळ्यात घड्याळाकडे लक्ष

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू वेगाने वाढतात. दही, चीज, पनीर, हमस, चिरलेलं कलिंगड, हे सगळं फ्रिजबाहेर मिळून दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि खोलीतलं किंवा गच्चीवरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. चर्चा लांबली म्हणून यात सूट मिळत नाही. वास आणि चव बिघडलेली नसली तरीही पदार्थ बाधू शकतो.

यावर साधा उपाय आहे. सगळं एकदम बाहेर मांडू नका. निम्मं तबक बाहेर आणि निम्मं फ्रिजमध्ये ठेवा. पहिलं संपत आलं की ते आत न्या आणि दुसरं तबक आणा. उरलेल्या जुन्या तुकड्यांवर ताजे तुकडे रचू नका, नाहीतर कोणता तुकडा किती वेळ बाहेर आहे ते कळत नाही. खोल परातीत बर्फ पसरून त्यावर तबक ठेवलं तर गारवा छान टिकतो, फक्त तबकाची कड उंच हवी, म्हणजे वितळलेलं पाणी खाण्यापर्यंत चढणार नाही. आमच्या प्रत्येक डब्यावर तो फ्रिजमधून काढल्याची वेळ लिहिलेली असते. घरी तुम्हीही कागदाच्या चिठ्ठीवर वेळ लिहून तबकाखाली सरकवा.

पेयांसाठी फार खटपट नको. थंड पाण्यात काकडीच्या चकत्या, लिंबू आणि पुदिना पुरे. पण थंड पेल्याला बाहेरून दव धरतं, आणि ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गोल ठसा सोडतं. पेयांचं टेबल पुस्तकांपासून दोन पावलं लांब मांडा आणि प्रत्येक पेल्याखाली जाडसर रुमालाची घडी द्या. हात पुसायला प्रत्येकाला एक ओलसर आणि एक कोरडा रुमाल मिळाला तर फारच छान.

किती आणि कधी

आमच्या मते तीन पदार्थ भरपूर झाले, एक रसाळ, एक मऊ आणि एक कुरकुरीत. दोन तासांच्या बैठकीनंतर जेवण नसेल तर माणशी सहा ते आठ तुकडे धरा, जेवण असेल तर चार ते पाच. म्हणजे १० जणांना जेवणाशिवाय ६० ते ८० तुकडे. आकडा मोठा वाटतो, पण यात काकडीच्या वाट्याच दोन डझन असतात.

आदल्या रात्री दही बांधा आणि चणे भिजवा. सकाळी हमस वाटा, टोस्ट भाजा, द्राक्षं फ्रीझरमध्ये टाका. दुपारी कलिंगड चिरून झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि काकड्या कोरा. शेवटच्या अर्ध्या तासात फक्त भरणं आणि टोचणं. पहिली घंटी वाजेल तेव्हा ओटा पुसलेला असावा आणि तुम्ही हातात पुस्तक घेऊन बसलेले असावेत.

एक गोष्ट मात्र आठवडाभर आधी विचारून घ्या, कुणाला काय चालत नाही. हमसमध्ये तीळ असतात हे खाणाऱ्याला दिसत नाही, आणि तिळाची अॅलर्जी असणाऱ्याला चमचाभरही त्रासाचा ठरू शकतो. सुकामेवा, शेंगदाणे, दूध, गहू यांचंही तेच. प्रत्येक तबकापुढे एक छोटी चिठ्ठी लावा: आत काय काय आहे, एवढंच. ज्याला अॅलर्जी आहे त्याचा खाऊ वेगळ्या सुरीने, वेगळ्या फळीवर, सगळ्यात आधी करून झाकून ठेवा. पाहुण्याला चारचौघांत पुन्हा पुन्हा विचारावं लागू नये.

आमच्याकडे ऑर्डर देणार असाल तर दोन दिवस आधी कळवा आणि चार गोष्टी सांगा: किती जण येणार, चर्चा किती वाजता सुरू होणार, नंतर जेवण आहे का, आणि कुणाला काय वर्ज्य आहे. काकडीच्या वाट्या आणि चक्का आम्ही मुद्दाम वेगवेगळ्या डब्यांत देतो. भरायची पिशवीही सोबत असते, कोपरा तेवढा तुम्ही कापायचा.