खारं पाणी वेगळं, लीचेट लागलेलं पाणी वेगळं

"खाडीकाठी बोअर मारलीय, पाणी खारंच लागणार." देवनार, मुलुंड, कांजूर किंवा गोराईच्या आसपास कुणाला बोअरच्या पाण्याबद्दल विचारा, हेच उत्तर मिळेल. मुंबईची ही चारही डम्पिंग ग्राउंडं खाडीच्या बाजूला आहेत आणि सगळा घोळ त्यातूनच होतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरवर दोन हजारांच्या वर आकडा दिसला की खापर खाडीवर फुटतं. कचऱ्याच्या डोंगराचं, त्यातून झिरपणाऱ्या लीचेटचं नावही निघत नाही.

खारं पाणी मुंबईकराला समजावून सांगायला नको. साबणाला फेस येत नाही, नळ गंजतात, मे महिन्यात उपसा वाढला की खारटपणा वाढतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला बहुतेक भाग आपलं मीठच.

लीचेट म्हणजे कचऱ्याच्या ढिगातून पावसाचं पाणी मुरत खाली येताना वाटेत जे जे विरघळवून आणतं ते. कोऱ्या चहासारखं, कधी पार काळं. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय आणि त्या जुन्या ढिगाखाली अस्तर नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरायच्या जागेच्या, तळाला ९० सेंटिमीटर चिकणमाती आणि त्यावर दीड मिलिमीटर जाड एचडीपीई प्लॅस्टिकचं आवरण सांगितलं. जुने ढीग त्याच्या कितीतरी आधीचे. आपला काळा कातळ घट्ट दिसतो, पण पाणी मुरमातून आणि कातळाच्या भेगांमधून वाट काढतं. म्हणूनच एका इमारतीची बोअर ठीक आणि शेजारची खराब, असंही होतं.

आता खरी गोम. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. ते क्षार समुद्राचे की कचऱ्याचे, हे त्याला कळतच नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते मीटर बादलीत बुडवून निकाल देणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की हे थांबवा. क्लोराइडच्या एकट्या आकड्यावरही जाऊ नका, कारण ते दोन्हींत भरपूर असतं.

पोटॅशियम बघा. समुद्राच्या पाण्यात सोडियम पोटॅशियमच्या साधारण २७ पट असतं. लीचेटमध्ये हे अंतर खूपच कमी असतं, कारण अन्न आणि पालापाचोळ्यातलं पोटॅशियम त्यात उतरतं. मग अल्कता, म्हणजे मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट, बघा. समुद्रात बायकार्बोनेट लिटरमागे जेमतेम १४० मिलिग्रॅम, तर लीचेटमध्ये ते हजारांत जाऊ शकतं. आणि अमोनिया. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. कचरा टाकणं बंद झाल्यावरही लीचेटमधला अमोनिया कित्येक दशकं टिकतो. मैलापाण्यातही अमोनिया असतो, हे खरं. म्हणून तो एकटा पुरावा नव्हे, पोटॅशियम आणि अल्कतेबरोबर वाचायचा.

इथे जाणकारही फसतात, ते नायट्रेटवर. "नायट्रेट कमी आलंय, म्हणजे प्रदूषण नाही" हा निष्कर्ष मी इतक्यांदा ऐकलाय की आता चीड येते. अमोनियाचं नायट्रेट व्हायला ऑक्सिजन लागतो. लीचेट मुरलेल्या जमिनीत तो संपलेला असतो, त्यामुळे अमोनिया अमोनियाच राहतो आणि नायट्रेटचा रकाना स्वच्छ दिसतो. ऑक्सिजन नसल्यानेच दगडमातीतलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतं. असं पाणी उपसताना नितळ असतं आणि बादलीत तासभर ठेवलं की तांबूस होतं. खारफुटीच्या चिखलाखालीही असं घडतं, म्हणून ही फक्त खूण समजा.

दुसरी अडचण अशी की चिकणमाती पोटॅशियम आणि अमोनिया धरून ठेवते, क्लोराइड मात्र न अडखळता पुढे जातं. लीचेटची पहिली चाहूल त्यामुळे नुसत्या खारटपणासारखीच लागू शकते. एका रिपोर्टवर "खाडीचंच आहे" म्हणणं मला म्हणूनच मान्य नाही.

"उकळून घेतो ना" हे उत्तर तर नकोच. उकळल्याने जंतू मरतात, क्षार आणि धातू तिथेच राहतात, उलट पाणी आटतं तसे घट्ट होतात.

नमुने दोनदा घ्या: एक मेअखेरीस, एक पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात. खाडीचा शिरकाव उन्हाळ्यात जास्त असतो आणि पावसाने मागे हटतो. लीचेट पावसातच सर्वाधिक तयार होतं, त्यामुळे पावसाळ्यानंतरही अमोनिया आणि पोटॅशियम कमी होत नसेल तर संशय खाडीवरून ढिगाकडे वळवा. २०१६ च्या त्या नियमांनी लँडफिलच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल वेगवेगळ्या ऋतूंत तपासायला सांगितलं होतं. तुमची बोअर त्यापलीकडे असेल तर नमुना तुम्हालाच न्यावा लागेल. आधी पंप थोडा वेळ चालू द्या, बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. फॉर्मवर टीडीएस आणि क्लोराइडबरोबर पोटॅशियम, अल्कता, अमोनिया, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं मोजमाप) आणि लोह आवर्जून लिहा. सांगितलं नाही तर नेहमीच्या पॅकेजमध्ये यातलं बरंच सुटून जातं.