फेसानं रोखलेला वायू

खनिज तेलाचा साठा म्हणजे जमिनीखालचं तळं नव्हे. तेल असतं वालुकाश्माच्या किंवा चुनखडकाच्या बारीक छिद्रांत अडकलेलं. साठ्याचा मूळ दाब ओसरला की ते ढकलायला वरून पाणी किंवा वायू सोडतात. तरीही बऱ्याच साठ्यांत निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं.

वायू तेलापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. शिवाय तो अतिशय पातळ. त्यामुळे जिथे छिद्रं मोठी तिथून सुसाट निघतो आणि थेट उत्पादन विहिरीत पोचतो. बाजूच्या थरांतल्या तेलाला तो शिवतही नाही.

त्याला आवरण्यासाठी फेस वापरतात. पाण्यात थोडं सर्फॅक्टंट, म्हणजे साबणाच्या जातीचं रसायन, मिसळायचं आणि ते पाणी व वायू आलटूनपालटून सोडायचे. छिद्राछिद्रांत पाण्याचे पातळ पडदे ताणले जातात आणि वायूची चाल मंदावते. साबण आहे म्हणजे तेल धुऊन काढत असेल, असं कुणालाही वाटेल. पण फेसाचं मुख्य काम वाट अडवण्याचं. आणि ते तो निवडून करतो, हीच मला या तंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. तेलकट कढई घासताना फेस पटकन बसतो ना, तसाच खडकात तेल भरपूर असेल तिथे तो बहुधा मोडतो. तेल निघून गेलेल्या थरांत टिकतो. बारीक छिद्रांत केशिका दाब, म्हणजे वायू आणि पाणी यांच्या दाबातला फरक, जास्त असल्यानं पडदे फाटतात, मोठ्या छिद्रांत तग धरतात. म्हणजे वायू ज्या वाटेनं पळत होता, नेमकी तीच बंद होते.

कल्पना जुनी आहे. बाँड आणि होलब्रुक यांचं अमेरिकी पेटंट १९५८ चं. मोठी कसोटी लागली ती नॉर्वेच्या उत्तर समुद्रातल्या स्नोरे क्षेत्रात, १९९७ ते २००० या काळात. सुमारे २,००० टन सर्फॅक्टंट खाली गेलं. पश्चिमेकडच्या भागात वायू साठ्यातच जास्त काळ थोपला आणि सुमारे अडीच लाख घनमीटर जादा तेल हाती आल्याचा अंदाज अभियंत्यांनी मांडला.

मग हेच मुंबई हायला का नको? स्नोरेचा खडक वालुकाश्म, मुंबई हायचा मुख्यतः चुनखडक. स्नोरेत वापरलेल्या सल्फोनेट जातीच्या सर्फॅक्टंटवर ऋण प्रभार असतो, चुनखडकाच्या पृष्ठभागावर अनेकदा धन. रसायन खडकालाच चिकटून बसलं, तर फेस व्हायला पाण्यात उरणार काय? तिथे सर्फॅक्टंटच वेगळं निवडावं लागेल, आणि ते साठ्यातली उष्णता व पाण्याचा खारेपणा सोसणारंही हवं.