बाटलीतून धावणारा प्रकाश: तो एकच किरण नव्हे

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या २०११ सालच्या व्हिडिओत प्रकाश बाटलीतून सरकताना दिसतो. त्यामागच्या चमूचे प्रमुख मूळचे नाशिकचे रमेश रासकर, म्हणून आपल्याकडे तो व्हिडिओ अभिमानाने फिरतो, आणि फिरावाच. पण सोबतचा ‘एकाच किरणाचं थेट चित्रण’ हा मजकूर चुकीचा आहे.

त्यांचा स्ट्रीक कॅमेरा एका वेळी दृश्याची फक्त एक बारीक आडवी रेघ टिपतो. म्हणून लेझरचे तंतोतंत सारखे लक्षावधी स्पंद (अतिशय छोटे झोत) पुन्हापुन्हा सोडले, आरसा किंचित फिरवत रेघेमागून रेघ नोंदवली आणि संगणकाने त्या जुळवल्या. फुटणारा फुगा असा टिपता येत नाही. तो दुसऱ्यांदा तसाच फुटत नाही. एकाच घटनेचं चित्रण, सेकंदाला १०० अब्ज फ्रेमपर्यंत, अमेरिकेतले संशोधक लिहाँग वांग यांच्या गटाने २०१४ मध्ये वेगळ्या तंत्राने साधलं.