भोंगा गप्प केला म्हणजे ॲक झालं नाही

कारखान्याच्या कंट्रोल रूममधल्या अलार्म स्क्रीनचा कुठलाही नवा प्रोटोटाइप (नमुना) उघडा, एक मोठं बटण हमखास सापडतं. दाबलं की भोंगा थांबतो, लाल ओळ लुकलुकायची थांबते, कधीकधी गायबच होते. एका बोटात तीन कामं! करणाऱ्याला भारी कौतुक. मी मात्र कपाळाला हात लावतो.

सायलेन्सबद्दल काय सांगायचं? सगळ्या पॅनेलचा मिळून एक भोंगा, तो गप्प झाला. बस.

ॲक, म्हणजे ॲक्नॉलेज, मात्र एकेका अलार्मचं. ‘टाकीची पातळी चढलीय, मी पाहिलं’ एवढीच ती पोच. रजिस्टर पत्राची पोच दिली म्हणून आतलं काम उरकतं का? टाकी भरतेच आहे, तेव्हा ओळ लालच राहणार, फक्त स्थिर. आणि पोच द्यायच्या आत पातळी आपोआप उतरली तर? इथे बहुतेक जण ओळ पुसून मोकळे होतात. मग रात्री दोनला भोंगा कशाने वाजला, हे ऑपरेटरने कुणाला विचारायचं? ती ओळ वेगळ्या खुणेने राहिलीच पाहिजे, पोच मिळेपर्यंत.

‘सगळे ॲक’ हे बटण तर मी ठेवतच नाही. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत जुलै १९९४ मध्ये स्फोट झाला. त्याआधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. त्यावर उपाय अलार्म कमी करणं हा आहे, न वाचता पोच देण्याची सोय हा नव्हे.

मीही चुकलोय. बडोद्याच्या दांडिया बाजारातले एक काका, उभी नोकरी पॅनेलवर काढलेले, त्यांना मकरपुऱ्याच्या ऑफिसात माझ्या पहिल्या प्रोटोटाइपपुढे बसवलं. त्यांनी भोंगा बंद केला, चष्मा सावरून ओळ वाचायला लागले. तेवढ्यात मी दुसरा अलार्म सोडला. भोंगा मुका.

“हा का नाही बोलला रे?”

“काका, तुम्ही सायलेन्स दाबलंत ना.”

“ते मघाच्याला. याला कुणी गप्प केलं?”

स्क्रीनची नुसती चित्रं एकमेकांना जोडून प्रोटोटाइप केला की असं होतं. त्यांत घड्याळच नसतं. आता मी टायमर लावतो आणि सायलेन्सनंतर दहाव्या सेकंदाला नवा अलार्म सोडतोच. भोंगा पुन्हा वाजला नाही, तर तो प्रोटोटाइप कुणाला दाखवत नाही. ॲकच्या बटणावर तेव्हा ‘ओके’ लिहिलं होतं. तेही काकांनीच खोडायला लावलं. आता तिथे ‘पाहिलं’ आहे.