लॉग बाहेर पाठवण्याची रीत कुठून आली

खान्देशात कापसाची गाडी काट्यावर चढली, की वजनाची पावती एकट्या काटेवाल्याकडे राहत नाही. एक प्रत शेतकऱ्याच्या खिशात जाते. पुढे कुणी खाडाखोड केली तर ती बोलते. ऑडिट लॉग, म्हणजे संगणकावर कुणी केव्हा काय केले याच्या नोंदी, दुसऱ्या मशीनवर पाठवण्यामागे आज हीच अक्कल आहे. सुरुवात मात्र संशयातून नव्हे, टपालातून झाली.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल प्रोग्रामच्या नोंदींसाठी सिसलॉग हा नोंदी टिपून पाठवणारा प्रोग्राम लिहिला. इतरांनी तो उचलला आणि मानक नसतानाच तो पसरला. २००१ चा आरएफसी ३१६४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीतींचा क्रमांकित दस्तऐवज) सुद्धा चालू वहिवाट टिपून ठेवणाराच: यूडीपी (संदेश नुसता सोडून देण्याची पद्धत), पोर्ट ५१४ (मशीनवरचे क्रमांकित दार), संदेश १०२४ बाइटांपर्यंत, पोच नाही. वेळेत ना साल, ना टाइमझोन. त्यामुळे जळगावच्या एखाद्या पतपेढीतले संध्याकाळी ५ चे लॉगिन, वेळ यूटीसी (आपल्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) समजणाऱ्या, लॉग दाखवणाऱ्या प्लॅटफॉर्मवर रात्री साडेदहाचे दिसते, आणि कुलूप लागल्यावर आत कोण शिरले म्हणून धावपळ होते.

२००९ च्या आरएफसी ५४२४ ने साल आणि झोन आणले. ५४२५ ने टीएलएस (वाटेत कुणी वाचू नये म्हणून कूटबद्ध जोडणी), पोर्ट ६५१४. पोचेचा प्रश्न तरी उरलाच. टीसीपीत आधी जोडणी बांधून मग पाठवतात, पण ती तुटली की बफरमधल्या, म्हणजे वाटेला लावलेल्या, ओळी गुपचूप हरवतात. म्हणून आरसिसलॉग या सिसलॉगच्याच जातीच्या प्रोग्रामवाल्यांनी रेल्प ही पोच घेणारी पद्धत काढली. आरसिसलॉगच्या सेटिंगमध्ये पत्त्याआधी एक @ म्हणजे यूडीपी, @@ म्हणजे टीसीपी. इथेच बरेच जण थांबतात. फायबर तुटणे आपल्याकडे नवे नाही, तेव्हा क्यू (पाठवायच्या ओळींची रांग) डिस्कवर हवी, पुनर्प्रयत्न -१ म्हणजे अमर्याद हवेत आणि मशीन बंद होताना क्यू जपली जायला हवी. सेकंदाला ३०० बाइटांच्या ५० ओळी धरल्या तर ८ तासांचे ४३२ एमबी होतात. क्यूला १ जीबी द्या.

भारतात सक्ती आली ती सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी: लॉग १८० दिवस जपायचे, सायबर हल्ल्यासारखी घटना ६ तासांत कळवायची, घड्याळे एनआयसी (केंद्राची संगणक संस्था) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायची. वरच्याच हिशेबाने १८० दिवसांचे, न दाबलेले (कॉम्प्रेस न केलेले), सुमारे २३३ जीबी. जागा मिळते, चूक होते ती अधिकारांत. लॉग पाठवणाऱ्या खात्यालाच तिकडे पुसण्याचा हक्क दिला, की शेतकऱ्याच्या खिशातली पावतीही काटेवाल्याच्याच हाती.